राजे फ्रीजवर थांबलेत

आमच्या घरात नाताळ अजून संपलेला नाही. बाहेर जुलै चालू आहे, म्हणजे इथली थंडी, सकाळी गवतावर पांढरं दहिवर असतं, हीटर लावल्याशिवाय बोटं वळत नाहीत, आणि पुढल्या खोलीत टीव्हीशेजारी गोठा तसाच मांडलेला आहे. बाळ येशू गव्हाणीत, मारिया आणि योसेफ दोन बाजूंना, एक गाय, एका कानाचं गाढव. गवत वाळून भुसा झालंय, हात लावला की पीठ पडतं. खिडकीत कागदाचा तारा आहे, त्याची एक शेंडी लोंबते. आणि बाळ येशूच्या दर्शनाला लांबून निघालेले तीन राजे स्वयंपाकघरात फ्रीजच्या डोक्यावर उभे आहेत. माझी मुलगी सुझी दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पॉइंट कुकहून, तासभर गाडी चालवत माझ्याकडे डँडेनॉन्गला येते, फ्रीजमध्ये डबे ठेवते, वर बघते आणि म्हणते, "डॅड, इट्स जुलै." तिची पोर मिया दहा वर्षांची आहे. ती म्हणते, "मम, लीव्ह हिम. पीपल डू क्रिसमस इन जुलै." ते खरं आहे. इथल्या हॉटेलांत थंडीच्या दिवसांत नाताळाचं जेवण घालतात, कारण खरा नाताळ उन्हाळ्यात येतो आणि त्यांना भाजलेलं डुक्कर थंडीत खायचं असतं. पण माझं तसं काही नाही. मी कसला सण करत नाही. मला फक्त ते राजे हलवता येत नाहीत.

मी लिहिणारा माणूस नव्हे. सातवीत शाळा सोडली, वसईला वाडीत पाणी लावलं, मग एका वर्कशॉपमध्ये फिटरच्या हाताखाली राहिलो. शिकलेली होती फिलू, माझी बायको. ती नर्स. तिला इथं नोकरी लागली म्हणून मी इथं आलो, हे मी कधी लपवलं नाही. लोक म्हणायचे, बस्त्यावला बायकोने आणला. आणला तर आणला. आता ती नाही, आणि राजे फ्रीजवर का थांबलेत ते सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. त्यासाठी इथल्या आमच्या पहिल्या नाताळाचं सांगावं लागेल. त्यात माझी लाज आहे, पण असू दे.

आमच्या घरी वसईला तीन राजांच्या सणाचं फार काही नव्हतं. आय सहा जानेवारीला राजे गोठ्यात ठेवायची, सात तारखेला सगळं पुसून फळीवर टाकायची आणि म्हणायची, राजे आले, नाताळ गेला, आता कामाला लागा. फिलूच्या घरी मात्र राजे चालत यायचे. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना घराच्या एका टोकाला, ओटीवर ठेवायचं. मग रोज एक मुक्काम. ओटीवरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून तांदळाच्या कणगीवर, तिथून पाण्याच्या माठाशेजारी, असं करत बाराव्या दिवशी गोठ्यात. घरातल्या शेंडेफळाने त्यांना हलवायचं. ते काम फिलूचं. राजे गोठ्यात पोचले की तिने मोठ्याने सांगायचं, "पोचले." आणि घरात जो कोणी असेल, चुलीपाशी असो की मागीलदारी, त्याने तिथूनच म्हणायचं, "बसा, दमला असाल." मग त्यांच्यापुढे पाण्याने भरलेला पेला ठेवायचा. लांबून आलेला पाहुणा, त्याला आधी पाणी. मग नाताळाच्या फराळाचा, कुलकुल आणि नेवऱ्यांचा डबा ताटात पालथा घालायचा आणि उरलंसुरलं सगळ्यांनी संपवायचं. आणि एक नियम होता, तो तिच्या बापाचा. राजे पोचल्याशिवाय गोठ्यातली काडीही उचलायची नाही. पाहुणा वाटेत असताना घर आवरायचं नाही, म्हणायचा तो.

हे राजे तेच आहेत. मातीचे, वीतभर उंच, तिच्या बापाने लग्नात दिलेले. इथं येताना तिने ते तांदळाच्या पिशवीत खुपसून आणले. त्यांची खरी नावं फादर सांगायचे, पण आमच्यात ते पुढला, मधला आणि मागला. पुढल्याच्या हातात सोनं, मधल्याच्या हातात धूप. मागल्याचा एक हातच तुटलेला, त्यामुळे त्याने काय आणलं ते कोणाला दिसत नाही.

तेव्हा आम्ही रेल्वेफाटकाजवळ एका लाकडी घरात भाड्याने राहायचो. पत्र्याचं छप्पर, दुपारी दोनला तवा व्हायचा. फाटकाची घंटा दिवसभर टणटणायची, झाडांत किडे किर्र करायचे, आणि शेजारच्या रेडिओवर क्रिकेट चालायचं, त्यातलं मला टाळ्यांशिवाय काही कळायचं नाही. मागलं दार उघडलं की आधी लॉन्ड्री, म्हणजे कपडे धुवायची खोली, मग पॅसेज, मग स्वयंपाकघर, मग पुढली खोली. फिलूने बारा मुक्काम आखले. लॉन्ड्रीतलं कपड्यांचं मशीन, दाराची चौकट, चपलांची फळी, फोनचं स्टूल, शिवणयंत्र, पावाचा डबा, ओटा, फ्रीज, जेवणाचं टेबल, रेडिओ, खिडकीची कड, आणि गोठा. मला पाठ नाहीत असं एकदा म्हणालो तर तिने मला उभं करून म्हणायला लावले, शाळेतल्यासारखे. सातवा महिना चालू होता तिला. पाय सुजलेले, तरी स्टुलावर बसून फुगे तळले, आमच्याकडचे नाताळाचे गोल वडे. पीठ ताडीत भिजवायचं असतं, इथं ताडी कुठली, तिने बिअर घातली. शेजारची कोंचेता, इटालियन म्हातारी, तिने एक खाल्ला आणि उरलेलं ताट घरी नेलं.

सव्वीस तारखेला फिलूने राजे मशीनवर ठेवले. सत्तावीसला सकाळी तिला रक्तदाबासाठी हॉस्पिटलात ठेवून घेतलं. जाताना दारातून तिने मला एकच गोष्ट सांगितली. "राजांना विसरू नकोस. रोज एक मुक्काम. आता तूच शेंडेफळ."

मी विसरलो. सरळ सांगतो. कारखान्यात आमच्या शटडाऊन होतं. नाताळात माल बंद असतो, तेव्हाच मशिनं उघडायची, साफ करायची, परत बसवायची. नव्या माणसाला ते काम मिळत नसे. फोरमन मला म्हणाला, "यू वॉन्ट इट, मेट?" मी हो म्हणालो. बारा बारा तास. तिथून तसाच ग्रीसच्या हातांनी हॉस्पिटलात, भेटायला एक तास, आणि घरी येऊन बुटांसकट आडवा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कुठवर आले?" मला तेव्हा आठवलं. मी म्हणालो, "चौकटीत." दुसऱ्या दिवशी म्हणालो, "चपलांच्या फळीवर. मागला नाक धरून उभा आहे, माझ्या बुटांचा वास." ती हसली. पलंग हलला. शेजारच्या पलंगावरची बाई बघायला लागली. त्यानंतर मला ते हसू मिळवायची चटकच लागली. रोज वाटेत बसमध्ये काहीतरी जुळवायचो. पुढला फोनवर बेथलेहेमचा पत्ता विचारतोय. मधल्याने शिवणयंत्रावर झगा दुरुस्त करून घेतला. एका दिवशी बेचाळीस डिग्री तापलं होतं, मी म्हणालो, "आज हललेच नाहीत. पुढल्याला ऊन लागलं." ती म्हणाली, "मग उद्या दोन मुक्काम कर हं, मागे नको राहायला." मी म्हणालो करतो. घरी ते मशीनवर साबणाच्या खोक्यामागे उभे होते. रोज रात्री म्हणायचो, सकाळी हलवू. खरं तर मला वाटायचं, मातीच्या बाहुल्या त्या, शेवटच्या दिवशी उचलून ठेवल्या की झालं. कोणाला कळणार आहे.

चार तारखेला बाळ गेलं. पोटातच. मुलगी होती. त्या काळी आईला दाखवत नसत, दाखवलं नाही. माझ्यापुढे इंग्रजी कागद धरला, मी सही केली. काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं नाही, आणि जी वाचून सांगायची तिला ते दाखवायची माझी हिंमत नव्हती. ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होती. सहा तारखेला ती म्हणाली, मला आज घरी जायचंच. डॉक्टर नको म्हणाला. ती म्हणाली, मी नर्स आहे, मला कळतं. कोंचेता आपल्या नवऱ्याची गाडी घेऊन आली. मागल्या सीटवर फिलू माझ्या खांद्याला टेकून बसली होती, आणि फाटकाजवळ आल्यावर ती म्हणाली, "निदान ते तरी पोचले असतील."

मला त्या वेळी सांगता आलं असतं. फाटक बंद होतं, मालगाडी लांबच लांब जात होती. मी डबे मोजत बसलो. मनात हिशेब असा की ती पुढल्या दाराने सावकाश जाईल, मी मागून धावत जाईन, राजे उचलीन, गोठ्यात ठेवीन. पण पुढल्या दाराला पायऱ्या होत्या. तिला चढवत नव्हत्या. ती म्हणाली, मागूनच जाऊ. आणि मागलं दार उघडलं की आधी लॉन्ड्री.

तिने साबणाचं खोकं बाजूला केलं. तिघांवर साबणाची भुकटी बसली होती. ती म्हणाली, "अजून इथंच?" एवढंच. आवाज चढवला नाही. मला शिवी दिली असती, काही फेकून मारलं असतं, तर आज हे लिहायला बसलो नसतो. ती आत जाऊन आडवी झाली. कोंचेता बॅग घेऊन दारात उभी. तिला वाटलं रडणं बाळासाठी आहे. बाळासाठी होतंच. पण रडत होतो मी, फिलू नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही असं नाही. जेव म्हणायची, शर्ट काढून टाक म्हणायची, बस किती वाजता विचारायची. पण ते बोलणं ओळखीच्या भाडेकरूशी करतात तसं होतं. जानेवारी गेला. गोठा तसाच. तारा तसाच. फेब्रुवारीत एक दिवस कोंचेता कुंपणावरून मला म्हणाली, "युवर प्रेसेपिओ, स्टिल? इन माय व्हिलेज, एपिफनिया कम, टेक एव्हरी फेस्टा अवे. फिनिश." प्रेसेपिओ म्हणजे गोठा; तिच्या गावी तीन राजांचा सण आला की सगळं आवरून टाकायचं, असं तिने हातवारे करून झाडू मारून दाखवलं. मला लाज वाटली. उपवासाचे दिवस सुरू करणारा राखेचा बुधवार आला, आम्ही दोघं कपाळावर राख लावून देवळातून घरी आलो, आणि समोर गव्हाणीत बाळ हसत पडलेलं. मला वाटलं हेच तिला खात असेल, रोज उठून भरलेली गव्हाण बघायची. मी बाळ येशूला उचलायला गेलो. ती खोलीत होती, मला वाटलं झोपलीय. आतून आवाज आला, "राजे आले नाहीत. हात लावू नकोस."

मग मला कळलं. मी काही हुशार माणूस नाही, पण तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, हात धुतले, तिघांवरची साबणाची भुकटी फडक्याने पुसली आणि त्यांना मशीनवरून चौकटीत ठेवलं. एकच मुक्काम. बारा पावलांवर गोठा होता, एका खेपेत तिघांना नेता आलं असतं. पण आता वाट चुकवायची नव्हती. तिसऱ्या दिवशी चपलांची फळी. चौथ्या दिवशी फोनचं स्टूल. पावाच्या डब्यावर आले त्या दिवशी पाव काढताना तिने त्यांना उचलून बाजूला ठेवलं आणि डबा मिटल्यावर परत जागेवर ठेवलं, तोंडं गोठ्याकडे करून. मी ते दारातून बघितलं आणि मागे सरलो. एका दिवशी ओव्हरटाइम होता, मी नाही म्हणालो. फोरमन म्हणाला, "समवन सिक?" मी म्हणालो, नाही, पाहुणे आहेत. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, मिशा होत्या, लग्न झालं होतं, एक लेकरू पुरलं होतं, तरी मी पोरच होतो. त्या बारा दिवसांत मोठा झालो असेन तर असेन.

बाराव्या दिवशी मी राजे गोठ्यात ठेवले. वाळलेल्या गवतात तिघं गुडघ्यापर्यंत बुडाले. मी तिथं उभा. फिलू स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता. मला लाज वाटत होती, हे तिच्या घरचं बोलणं, माझं नव्हे. तरी मी म्हणालो, "पोचले." नळ बंद झाला. फाटकाची घंटा वाजायला लागली, ट्रेन गेली, घंटा थांबली. मला वाटलं ती काही म्हणणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. मग ती आतून म्हणाली, "बसा म्हणावं. दमले असतील."

ती पाण्याचा पेला घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही, पेला राजांपुढे ठेवला, खाली बसली, आणि बाळ येशूला उचलून पदराने पुसलं. मग रडली. किती वेळ ते मी सांगत नाही. संध्याकाळी तिने नाताळाचा डबा काढून ताटात पालथा घातला. कुलकुल दगडासारखे झाले होते. चहात बुडवून आम्ही सगळे संपवले. माझी एक दाढ त्यात गेली. ती म्हणाली, "राजांनी दंड घेतला." लगेच हसली नाही, पण म्हणाली.

नंतर सुझी झाली. मग राजे हलवायचं काम तिचं, आणि ती ओरडायची, "दे आर हिअर, दे आर हिअर," आणि फिलू जिथं असेल तिथून म्हणायची, बसा, दमला असाल. हे घर घेतल्यावर मुक्काम तेच ठेवले. ज्या वस्तू गेल्या त्यांच्या जागी नव्या आल्या. सुझी लग्न होऊन गेली, मग आम्ही दोघंच. हलवायची फिलू, पोचले म्हणायची ती, आणि उत्तर द्यायचो मी. असं किती वर्षं चाललं ते आता मोजत नाही.

गेल्या नाताळात फिलू परत हॉस्पिटलात होती. या वेळी परत येणार नाही हे तिला आमच्या आधी कळलं होतं. डॉक्टरला म्हणाली, तीन राजांपर्यंत ठेवा, मग मी तुम्हाला त्रास देत नाही. तो बिचारा तरुण पोरगा, त्याला कळेना हसावं की काय. सव्वीसला मी राजे लॉन्ड्रीत ठेवले. रोज हलवले. हॉस्पिटलात गेलो की ती डोळे मिटूनच विचारायची, "कुठवर?" आणि मी खरं सांगायचो. चौकटीत. फळीवर. स्टुलावर. खरं सांगायला काही जुळवावं लागत नाही, पण ती हसायचीही नाही, नुसती मान हलवायची. दोन तारखेला ते फ्रीजवर आले. तीन तारखेला मी टेबलाकडे न्यायला तिघांना हातात घेतलं आणि माझे हात थांबले. फ्रीजनंतर टेबल, मग रेडिओ, मग खिडकी, मग गोठा. मी त्यांना परत फ्रीजवर ठेवलं. तिने राजांपर्यंतचाच वायदा केला होता. मग राजेच आले नाहीत तर?

तीन तारखेला तिला शुद्ध नव्हती. चार तारखेला दुपारी डोळे उघडले. "कुठवर?"

"फ्रीजवर."

तिने डोळे मिटले. मला वाटलं परत झोपली. मग म्हणाली, "आज चार. फ्रीज दोनला असतो."

"पुढल्याला ऊन लागलं," मी म्हणालो.

तेव्हा ती हसली. आवाज नव्हता, नुसते ओठ. म्हणाली, "तेव्हा हलवायचे तर हलवले नाहीस. आता थांबवतोस." मी तिचा हात धरला होता. सुया टोचून टोचून निळा झालेला. ती म्हणाली, "पोचू दे, बस्त्याव. वाटेत कोणाला ठेवू नये."

पाच तारखेला सकाळी ती गेली. मी घरी आलो, राजे फ्रीजवर होते, आणि तिने सांगितलेलं मी ऐकलं नाही. सहा महिने ऐकलं नाही. तिच्या बापाचा नियम माझ्या बाजूने होता. राजे पोचले नाहीत, तर घर आवरायचं नाही. तिचा चष्मा खिडकीत, तिची चप्पल फळीवर. सुझी म्हणायची, डॅड, लेट मी डू इट. मी म्हणायचो, हात लावू नकोस.

हे लिहायला घेतलं त्या दिवशी मी त्यांना टेबलावर ठेवलं. जुनी गोष्ट लिहिता लिहिता वाटलं, पंचवीस वर्षांच्या पोराला जे जमलं ते या म्हाताऱ्याला जमू नये म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी रेडिओ. काल खिडकीत, तिच्या चष्म्याशेजारी. आज दुपारी ऊन पडलं होतं, थंडीतलं पातळ ऊन. मी तिघांना नेलं आणि गोठ्यात ठेवलं. गवत राहिलंच नव्हतं, पीठ झालेलं. मागला एका बाजूला कलला, त्याला गाढवाचा टेकू दिला. मी म्हणालो, "पोचले."

स्वयंपाकघरात फ्रीज घुरघुरत होता. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. मग आत गेलो, पेला भरला, आणून त्यांच्यापुढे ठेवला. कोणीतरी म्हणायला हवं होतं म्हणून मीच म्हणालो, "बसा, दमला असाल." आणि खुर्ची ओढून बसलो.